अर्धं निळं फूल

मंगळवार, ९ सप्टेंबर

थुंकली. पण अर्धंच आलं. उरलेलं अर्धं कुठे गेलं?

अक्षर कसं आलंय! नीट लिहिते.

पाळणाघरातली अकरा पोरं घेऊन मी मागच्या मैदानावर गेले होते. नेहमीसारखीच, साडेदहाला. मैदानाच्या टोकाला तारेचं कुंपण आहे, कुंपणापलीकडे उतार आणि खाली पाण्याचा चर. कुंपणाजवळ जायचं नाही, हे पोरांना पाठ आहे. मी एकीच्या सँडलचा पट्टा लावला, उभी राहिले, मोजली. दहा!

परत मोजली. दहाच.

भिंगरी नव्हती. चार वर्षांची आहे, एका जागी म्हणून ठरत नाही, तेव्हा तिच्या आईसकट सगळे तिला भिंगरीच म्हणतात. मी घसा फाडून हाक मारली. तर कुंपणापाशी उभी, माझ्याकडे तोंड करून. ओठ घट्ट मिटलेले. आणि ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी निळं.

"काय आहे तोंडात? आ कर! आ कर म्हणते ना!"

करेना. गाल दाबले तेव्हा थुंकली. फुलाचा तुकडा. निळा, चघळलेला.

"बाकीचं गिळलंस?"

मान हलवली. ती हो म्हणतानाही अशीच हलवते आणि नाही म्हणतानाही.

तोंड धुतलं, बोट घालून आतून पुसून काढलं, पाणी पाजलं. मग दिवसभर माझे डोळे तिच्यावरच. जेवली, झोपली, उठल्याबरोबर शेजारच्याचा ठोकळा हिसकावला. म्हणजे नेहमीसारखीच.

संध्याकाळी आई न्यायला आली. छापखान्यात बांधणीला आहे ती, बोटांवर कायम सरस वाळलेला असतो. रोज विचारते तसं विचारलं, "काही विशेष, मावशी?"

"काही नाही. छान होती."

काही नाही!

मी दोनच मिनिटं पाठ फिरवली होती. दोन मिनिटं. तुकडा रुमालात बांधून आणलाय. वहीच्या मागच्या पानांत ठेवला.


बुधवार, १०

आली! उड्या मारत आली. मी दारातच तिला उचललं, तर म्हणते, "मावशी, घट्ट नको."


गुरुवार, ११

फेकून द्यायला वही उघडली आणि फेकवेना. काय होतं ते कळायला तर हवं.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात; पट्टे आणायला ते बाजारात गेले होते. यांच्या कामाच्या टेबलावरून डोळ्याला लावायचं भिंग उचललं. बशीत कोमट पाणी घेतलं, त्यात तुकडा सोडला. पाच मिनिटांत उलगडला. किती नाजूक! खालचा भाग चावलेला, पण वरचा शाबूत. टोपी आहे. खरंच, टोपीसारखी पुढे वाकलेली पाकळी, तिच्यावर बारीक लव. आणि निळा रंग — शाईत दूध घातल्यासारखा.

एवढं सुंदर काही वाईट कसं असेल, असं मनात आलं आणि मग मीच दचकले. सुंदर असण्याचा काय संबंध?

यांची पावलं वाजली. बशी फडताळात सरकवली. "भिंग कुठे गेलं?" म्हणून हे शोधत बसले. मी म्हटलं, "तुमचं तुम्हालाच सापडत नाही!" आणि मग फरशीवर सापडल्याचं सोंग केलं. एवढ्याशा गोष्टीसाठी यांच्याशी खोटं.


शुक्रवार, १२

आजही बरी. एकीला चावली. मी ओरडले नाही, उलट बरं वाटलं!


सोमवार, १५

सहा दिवस झाले. सुटलो आम्ही दोघी. आक्काचा फोन आला होता, तिच्या जावेची नवी गोष्ट सांगत होती. मी म्हटलं, कामात आहे, आणि ठेवला. तिचा आवाज ऐकवत नाही हल्ली. का ते लिहीत नाही.


बुधवार, १७

आली नाही.


गुरुवार, १८

आजही नाही. मोठ्या बाईंनी (पाळणाघर त्यांचं) हजेरी बघितली, म्हणाल्या, "भिंगरी दोन दिवस नाही? फोन करा जरा." माझ्या जागी दुसरी कुणी असती तर पटकन केला असता. मी आधी पेले विसळले. मग पुसले. मग केला.

"ताप आहे हो मावशी. परवा रात्रीपासून. डोळे लाल झालेत आणि पाय दुखतात म्हणून रडते. पोटऱ्यांना हात लावू देत नाही. डॉक्टर म्हणतात साथीचा आहे, उतरेल."

मी म्हटलं, "उतरेल."

सांगायचं होतं. "एक गोष्ट राहिली सांगायची" — एवढं वाक्य जुळवलं होतं. पण त्या दिवशी सांगितलं असतं तर ती एक घटना होती. आज सांगितलं तर नऊ दिवस लपवलं, हीच मोठी गोष्ट. एकेक दिवस गेला की सांगणं आणखी जड होतं. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या हातून पोराचं बोट दारात चेंगरलं, तर दुसऱ्या दिवशी तिला काढून टाकलं. मला तिथे तेरा वर्षं झाली. तेरा वर्षांत एका पोराला खरचटलं तरी मी स्वतः आईला सांगितलंय!

ठरवलं — आधी फूल कुठलं ते कळू दे. साधं निघालं तर प्रश्नच मिटला. विषारी निघालं तर त्याच पावली जाऊन सांगेन. शपथ.

परतताना रोपवाटिकेत गेले. रोपवाल्याला सांगितलं, निळं फूल, वर टोपी, ओल्या जागेतलं. त्यानं पाण्याची नळी खाली ठेवली.

"टोपी? बचनाग असेल. कशाला हवाय?"

"सहज. चित्र बघितलं."

"हातबित लावू नका हां. मुळापासून शेंड्यापर्यंत जहर."

घरी कशी आले, आठवत नाही. हात तीनदा धुतले. माझे! नऊ दिवसांनी!


शुक्रवार, १९

सुट्टी काढून वाचनालयात गेले. डोकं दुखतंय म्हणाले, ते खरंच होतं. ग्रंथपालांनी वनस्पतींचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. बचनागाचं पान उघडलं आणि समोर टोपी. निळी. वाकलेली. खाली लिहिलंय — ओढ्याकाठी, ओलसर कुरणांत. ओठ आणि जीभ बधिर होते, ओकाऱ्या होतात, हृदयाचे ठोके बिघडतात. काही तासांत.

काही तासांत. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आज दहावा दिवस. म्हणजे ते नव्हे. नव्हेच ना? का थोडंसं पोटात गेलं तर सावकाश भिनतं? पुस्तकात तसं नाही. पण मला तरी कुठे कळतंय त्यातलं! एका टोपीवरून मी फूल ओळखायला निघालेय, बाकीचं झाड बघितलेलंसुद्धा नाही.

ग्रंथपालांनी विचारलं, "काही खास शोधताय?" मी पुस्तक मिटलं. ते म्हणाले, कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या त्या बाई आता निवृत्त झाल्यात, पाण्याच्या टाकीमागे राहतात, त्यांना पान-फूल नेऊन दाखवा, डोळे मिटून सांगतील. पण फांदी न्या म्हणाले, नुसतं फूल नेलंत तर रागावतात.

दुपारी भिंगरीच्या आईचा फोन. मोठ्या दवाखान्यात दाखल केलंय. ताप उतरत नाही. बाप लांबच्या ट्रकवर, दोन दिवसांनी पोचेल. रडत नव्हती, अगदी सपाट आवाजात बोलत होती. तेच जास्त भीतीदायक.

"तुम्हाला कशाला त्रास देते, मावशी, पण ती तुमचं नाव काढते."


शनिवार, २०

पाळणाघर बंद. मैदानावर एकटी गेले.

कुंपणापाशी, ती उभी होती तिथे, गुडघ्यावर बसून हातानं गवत चाचपलं. डावीकडे पन्नास पावलं, उजवीकडे पन्नास. निळं काही नाही. पिवळं आहे, पांढरं आहे. निळं एकही नाही.

तारेखाली एके ठिकाणी फट आहे. कुत्रं जाईल एवढी. चार वर्षांचं पोरही जाईल.

मी वरून तार ओलांडली, पदर अडकून फाटला. उतार निसरडा. खाली चराचं पाणी हिरवट, जवळजवळ थांबलेलं. काठाच्या मातीत बिळं. बऱ्याच अलीकडून चिखल सुरू होतो, एक पाय घोट्यापर्यंत गेला. आणि तिथे, पाण्यालगत, लव्हाळ्यांच्या आडून — ती! जोडीजोडीनं. दोन-दोन निळ्या टोप्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, जणू कुणीतरी येतंय म्हणून बघताहेत.

एक फांदी मुळाजवळून तोडली. हातमोजे घालून.

कुणीतरी तोडून कुंपणापाशी टाकलं असेल. येणारे-जाणारे असतात. वाऱ्यानंही येऊ शकतं. चार वर्षांची पोर एवढं खाली उतरून परत वर येईल, तेही दोन मिनिटांत — शक्य नाही.

शक्य नाही.


रविवार, २१

हे सगळं आजच लिहायचं, नाहीतर उद्या मी त्यातलंही काहीतरी गाळेन.

सकाळी नऊला टाकीमागच्या बाईंकडे. सत्तरीच्या पुढच्या, घरात बसायला जागा नाही इतके कागद, आणि मधे एका टेबलावर फक्त एक दिवा आणि भिंग. मी ओल्या फडक्यातली फांदी पुढे केली. त्यांनी मला बस म्हणायच्या आधी फांदीला हात घातला.

"मोजे कशाला घातलेस? काढ. खोड बोटांत फिरव. गोल आहे?"

मी फिरवलं. "नाही. कडा लागतात. चौकोनी."

"पानं?"

"समोरासमोर. जोडीनं."

"आता फुलाखालची हिरवी वाटी बघ. भिंगातून बघ. पाठीवर काय आहे?"

उंचवटा होता. लहानशी ढाल पाठीवर बांधावी तसा.

"बचनाग वाटलं होतं ना? टोपी बघून सगळे घाबरतात. अगं, बचनागाचं पान पंज्यासारखं फाटलेलं असतं. हे पुदिन्याच्या कुळातलं. स्कुटेलारिया. मी माझ्यापुरतं ढालफूल म्हणते. इथलंच आहे, कुणी बाहेरून आणलेलं नाही. एखादं फूल चावून कुणाला काही होत नाही."

मी रडायलाच लागले. ओळखदेख नसलेल्या बाईसमोर, हुंदके देऊन! त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, कुणी चावलं? आणि मी सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदाच. सांगताना हलकं वाटत होतं, कारण आता ते नुसतं फूल होतं. सुटले होते मी.

"कुठे सापडलं तिला?"

"कुंपणापाशी. वरती."

"वरती?" त्यांनी चष्मा काढला. "कोरड्यावर हे येत नाही. चाळीस वर्षं हिंडलेय मी याच्यासाठी. पाय भिजल्याशिवाय हे फूल हाती लागत नाही."

"कुणी तोडून टाकलं असेल..."

"ताजं होतं?"

ताजं होतं. चकचकीत निळं.

"मुलगी पाण्यात उतरली होती," त्या म्हणाल्या. "आता ती कशी आहे?"

मी सांगितलं. ताप, लाल डोळे, पोटऱ्या. त्या उभ्याच राहिल्या.

"मग तू माझ्याकडे काय करते आहेस? फुलाचं विचारत कसली बसलीस, पाण्याचं सांग कुणालातरी! ऊठ. आत्ता!"

आता ते लिहिते जे मी या वहीतसुद्धा लिहिलं नाही.

त्या दिवशी तिचे मोजे ओले होते. नुसते ओले नव्हे, पिळून पाणी निघालं. बुटांत चिखल. मी बूट नळाखाली धुतले, उन्हात ठेवले, तिच्या पिशवीतले कोरडे मोजे घातले. आणि आईला सांगितलं, पाण्याचा पेला सांडला.

आणि दोन मिनिटं नव्हती. आक्काचा फोन आला होता. जावेची नक्कल करत होती ती, आणि मी पाठ करून हसत होते. पोट धरून हसत होते. फोनमध्ये नोंद आहे. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

मी वहीशी खोटं बोलले. जी कुणी वाचणार नाही तिच्याशी!

बाईंकडून बसथांब्यावर. तिथून यांना फोन लावला, सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. म्हणाले, "मी येऊ का तिकडे?"

"नको. मलाच जायला हवं."

"मग जा. पण जाताना वाक्यं जुळवत बसू नकोस. बघतो ना मी तुला. आधी पाणी म्हण."

दवाखाना. तिसरा मजला. भिंगरी एवढीशी झालीय पलंगावर. डोळ्यांचं पांढरं लाल, आणि कडेला — मला पिवळट वाटलं. आई उशाशी. मला बघून उठली, चेहरा जरा उजळला तिचा. माझ्यासाठी!

तरुण डॉक्टरीणबाई तपासून निघाल्या होत्या. मी दारातच आडवी उभी राहिले.

"ही पाण्यात उतरली होती. थांबलेल्या पाण्यात. नऊ तारखेला."

त्या थांबल्या. प्रश्नांचा मारा केला — किती वेळ, पाणी वाहतं की साचलेलं, उंदीर-घुशी दिसतात का, पायाला जखम होती का. बिळांचं सांगितलं. जखमेचं मला माहीत नव्हतं.

"फोड होता," आई मागून म्हणाली. "नव्या बुटांचा. टाचेला. फुटला होता."

डॉक्टरीणबाईंनी परिचारिकेला हाक मारली, रक्त पुन्हा काढायला सांगितलं, आणि म्हणाल्या, तपासणीची वाट बघत नाही, औषध लगेच सुरू करते. घुशींच्या लघवीतून असल्या पाण्यात येतो हा आजार, कातडी फुटलेली असली की आत शिरतो. लेप्टो. मी फांदी पुढे केली, "आणि हे फूल..." त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "फूल राहू द्या हो बाजूला."

त्या गेल्या. मी आणि आई. खोलीत सलाईनचे थेंब तेवढे पडत होते.

"मोजे," आई म्हणाली.

मी फांदी फडक्यात गुंडाळली.

"पेला सांडला म्हणालात. मी घरी गेल्यावर तिला रागावले, नीट पाणी पीत जा म्हणून. ती म्हणाली, मी नाही सांडलं. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, मावशी कशाला खोटं सांगतील."

असं म्हणाली. आवाज न चढवता.

मी पाय धरायला वाकले तर ती मागे सरकली. "नको. तुम्ही जा आता."


सोमवार, २२

मोठ्या बाईंना भेटले. मीच गेले, त्यांच्या कानावर दुसऱ्याकडून जायच्या आत. उभ्यानं सगळं सांगितलं. अकरा मिनिटंही सांगितली. त्यांनी आधी सगळ्या पालकांना फोन केले. आणखी कुणी पाण्यात उतरलं होतं का? नाही, बाकीच्या दहाजणांचे पाय कोरडे होते, झोपवताना मीच बघितले होते. मग फट बुजवायला माणूस बोलावला. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही तेरा वर्षांत एकदासुद्धा खोटं बोलला नव्हतात."

"बोलले नव्हते."

"तेच मला झेपत नाही." मग म्हणाल्या, "सध्या येऊ नका."

किल्ली टेबलावर ठेवली. माझा पोरांच्या हातांचे रंगीत ठसे असलेला अॅप्रन खुंटीवरच राहिला.


मंगळवार, २३

तपासणीत तेच निघालं. मूत्रपिंडावर परिणाम आहे म्हणतात. किती ते सांगत नाहीत. मला कोण सांगणार! हे दवाखान्यात जाऊन, जिन्यात उभे राहून, परिचारिकेला विचारून आले. वर गेले नाहीत.

काही गिळवत नाही. घड्याळाच्या टेबलापाशी बसून राहते. वीस घड्याळं टिकटिकताहेत आणि सगळ्यांत वेगवेगळे वाजलेत. पूर्वी मला याची गंमत वाटायची.


बुधवार, २४

लघवी होत नाही नीट. डॉक्टर दोनदा येऊन गेले. आज जर काही —

नाही लिहीत.


गुरुवार, २५

आक्का आली. मी तिला सांगितलं, तुझ्याशीच बोलत होते तेव्हा. ती आधी म्हणाली, "मग काय आता माझ्यावर घालतेस?" मी म्हटलं, नाही गं. मग तिनं माझा हात घट्ट धरला आणि बोलेना. एवढी बोलणारी बाई!

ताप थोडा खाली आहे म्हणे. थोडा म्हणजे किती? हे म्हणतात, थोडा म्हणजे थोडा.


शनिवार, २७

पाच वाजता यांचा फोन. "लघवी झाली! भरपूर झाली!" जिन्यात उभं राहून ओरडत होते बिचारे, लोक बघत असतील. कुणाच्या लघवीच्या बातमीनं मी अशी धाय मोकलून रडेन असं वाटलं नव्हतं. मूत्रपिंड काम करतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध आणखी दोन दिवस उशिरा सुरू झालं असतं तर मशीनवर घ्यावं लागलं असतं.

दोन दिवस उशिरा. आणि तीन दिवस आधी? अठराला पेले विसळत बसले होते तेव्हाच सांगितलं असतं तर? ते त्या बोलल्या नाहीत. त्यांना विचारायची माझी छाती नाही.


मंगळवार, ३०

घरी सोडलं तिला. बाप घेऊन गेला, खांद्यावर बसवून. मी समोरच्या फुटपाथवर होते, औषधाच्या दुकानाच्या आडोशाला. मला कुणी बघितलं नाही.

पोर वाचली. मग भीती का जात नाही? बसमध्ये कुणाचंही मूल दिसलं की मी मोजते. घरात चमचे मोजते. आज जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, दोन वेळा, आणि दोन्ही वेळा वेगळ्या आल्या.

टाकीमागच्या बाईंना सांगायला गेले. त्यांनी माझी फांदी कागदावर सुकवून चिकटवली होती. खाली तारीख, जागा — "चराकाठी, चिखलात". आणि गोळा करणाऱ्याचं नाव म्हणून माझं. मी म्हटलं, ते नाव खोडा. "का? नोंद खरी आहे," म्हणाल्या. मला तो कागद बघवेना.


गुरुवार, २ ऑक्टोबर

भिंगरीच्या आईचा फोन! नाव दिसलं आणि फोन हातातून निसटलाच.

"ती ऐकत नाही. मावशी कधी येणार म्हणून सारखी भुणभुण. उद्या चारला या. मी असेन घरात. मी तुमच्याशी बोलेन असं नाही, ते आधीच सांगते."

"चालेल," मी म्हटलं. "येते."

काय घालून जाऊ, काय बोलू, मुलीकडे बघू कशी! ती विचारेल, तुम्ही का नाही आलात. तिला काय सांगायचं? खरं सांगायचं. चार वर्षांच्या मुलीला खरं कसं सांगतात ते मला सुचत नाही. खोटं मात्र कसं पटकन सुचलं होतं.


शुक्रवार, ३

गेले. आई दारातून सरकली, आत जाऊन शिवणाला बसली. दार उघडंच ठेवलं. भिंगरी खुर्चीत, पायांवर चादर. बारीक झालीय, पण डोळे पांढरे स्वच्छ. मी खाली बसले, म्हटलं, मी त्या दिवशी तुझ्याकडे लक्ष दिलं नाही, चुकले. आणि आईला पेल्याचं खोटं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "भिंगरी, ते फूल तू खाल्लंस कशाला गं?"

"खाल्लं नाही काही! तुमच्यासाठी आणलं होतं. तुम्ही ओरडत आलात, मग लपवलं."

"तोंडात?"

आतलं शिवण थांबलं.

"फ्रॉकला खिसा नव्हता ना."